मुसाफिराचे मूल आणि कारागिराची जबाबदारी

मे महिन्याची सुट्टी लागली की आपले व्यापारी बांधवही चार दिवस दुकानाचे शटर खाली ओढतात आणि बायकामुलांना घेऊन बाहेर पडतात. कोणी महाबळेश्वर-पाचगणीला जातो, कोणी दापोली-मुरुडच्या किनाऱ्यावर, तर कोणी अजमेरला किंवा खुलताबादला जियारत करून परतीच्या वाटेवर चार ठिकाणे पाहून येतो. खोली ठरवताना भाडे विचारले जाते. पाणी चोवीस तास आहे का, गाडी लावायला जागा आहे का, जेवण हलाल मिळेल का, हेही विचारले जाते. गॅलरीचा कठडा कसा आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब एका थंड हवेच्या ठिकाणी उतरलो होतो. खोली दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, हवेशीर. गॅलरीला चकाकणारे स्टीलचे रेलिंग आणि समोर दरी. सामान ठेवले, कोणी वजू करायला गेले, कोणी चहा सांगायला खाली उतरले. तेवढ्यात आमची अडीच वर्षांची नात गॅलरीत गेली. रेलिंगला पाच आडवे पाइप होते. शिडी चढावी तशी ती तीन पाइप चढली आणि वरच्या पाइपवर पोट टेकून खाली पाहू लागली. सूनबाईचे लक्ष गेले. तिने हाक मारली नाही. हाक मारली असती तर पोर दचकले असते. ती तशीच अनवाणी धावली आणि मागून फ्रॉक धरून तिला आत ओढले. अल्लाहचा शुक्र की आज हा लेख आम्ही लिहीत आहोत.

आम्ही लॉजमालकाकडे गेलो. माणूस भला होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले, पण म्हणाला, "चाचा, तीन सीझन झाले, आजवर काही झालं नाही. पोरांकडे आईबापांनी बघायला नको का?" रेलिंग कोणी केले म्हणून चौकशी केली, तर ते काम तालुक्याच्या गावातल्या आपल्याच एका फॅब्रिकेटर बांधवाचे निघाले. परतताना त्याच्या शेडवर थांबलो. तो म्हणाला, "मालकाने मोबाइलवर फोटो दाखवला, तसं करून दिलं. उभ्या सळ्यांचं रेलिंग जुन्या चाळीसारखं दिसतं म्हणाला. आपण काय बोलणार?"

लॉजचे, गावाचे वा कारागिराचे नाव आम्ही देत नाही, कारण दोष एकाचा नाही. मालकाने पैसे मोजले, कारागिराने सांगितल्याप्रमाणे काम केले, आम्ही भाडे देऊन किल्ली घेतली. प्रत्येकाने आपापला व्यवहार चोख केला आणि त्या व्यवहारात मूल कोणाच्याच हिशेबात नव्हते. आज या पानावर हा विषय घेण्याचे कारण हेच. वाचकांना हा घरगुती, बायकांच्या पानावरचा विषय वाटेल. आमच्या मते तो आधी धंद्याचा विषय आहे. लॉजचे रेलिंग जोडणारा, कपाट ठोकणारा, वायरिंग करणारा, गिझर बसवणारा, अ‍ॅल्युमिनियमची खिडकी लावणारा कारागीर अनेक गावांत आपल्या समाजातला आहे. लॉज, मुसाफिरखाने आणि दर्ग्याजवळच्या खोल्या चालवणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. मुसाफिराचे मूल त्या खोलीत सुखरूप राहील की नाही, हे तो दार उघडून आत येण्याच्या कितीतरी आधी यांच्या हातून ठरलेले असते.

घर आणि परकी खोली

"आमच्या लहानपणी कुठे होते असले काही?" असे म्हणणारे भेटतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की घर आणि परकी खोली यांत फरक आहे. घरातला चुलीचा कोपरा, मोरीचा उंबरा, जिन्याची वाकडी पायरी हे सगळे आईला पाठ असते आणि मुलालाही दोनचार वेळा पडून-झडून ठाऊक झालेले असते. घरात आजी असते, शेजारीण असते. लॉजच्या खोलीत यातले काहीच नसते. आई प्रवासाने थकलेली, बाप सामान आणि पैशांच्या गडबडीत आणि मूल बसमध्ये सहा तास बसून कंटाळलेले. दार उघडताच ते सुटते. खोलीत शिरल्यावरचा पहिला अर्धा तास सर्वांत धोक्याचा, असे आमचे मत आता झाले आहे.

उतारूच्या सुरक्षिततेची जबाबदारी ठेवणाऱ्यावर आहे, ही कल्पना आजची नाही. सराया आणि मुसाफिरखाने ही आपल्या इतिहासातली मोठी परंपरा आहे. इंग्रजांनी १८६७ साली सराई कायदा केला, त्यातही सराई चालवणाऱ्याने दरवाजे, भिंती, कुंपण, छप्पर आणि गटारे दुरुस्त ठेवावीत, असे कर्तव्य त्याच्यावर टाकले होते. आजच्या काळात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत उणीव राहिली आणि गिऱ्हाइकाला इजा झाली, तर मालकाला जाब द्यावा लागतो. "आजवर काही झालं नाही" हे उत्तर तेथे चालत नाही.

त्याहूनही जुनी गोष्ट आपल्या दीनमध्ये आहे. अबू दाऊदच्या हदीस संग्रहात असा आशय आला आहे की, ज्या छताला कठडा नाही त्यावर जो रात्री झोपतो, त्याच्या रक्षणाची हमी उरत नाही. उरुसाच्या गर्दीत खोल्या भरल्या की गच्चीवर सतरंज्या टाकून कुटुंबेच्या कुटुंबे झोपवली जातात. त्या मालकांनी आणि ट्रस्टच्या कारभाऱ्यांनी या हदीसवर विचार करावा. रात्र पडली की मुलांना आत घ्यावे, दारे लावावीत, भांडी झाकावीत, दिवे विझवावेत, अशी शिकवणही पैगंबर (स.) यांनी दिल्याचे आपण सर्व जाणतो. तवक्कुल म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. आधी कठडा, मग तवक्कुल.

आता कामाचे बोलू. प्रत्येक धंद्याच्या बांधवासाठी आम्ही जाणकारांना विचारून आणि स्वतः पाहून काही गोष्टी येथे देत आहोत.

फॅब्रिकेटर बांधवांसाठी

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे गॅलरी आणि गच्चीचा कठडा फरशीपासून निदान एक मीटर, म्हणजे सुमारे सव्वातीन फूट असला पाहिजे. ही कमीत कमी उंची झाली. जेथे खाली दरी किंवा मजले आहेत, तेथे साडेतीन फुटांच्या वर जाणे शहाणपणाचे. माप घेताना एक चूक नेहमी होते. आधी रेलिंग बसते, मग मालक फरशीवर नवी टाइल चढवतो आणि कठडा दोन-तीन इंचांनी आपोआप ठेंगणा होतो. म्हणून तयार फरशीपासून माप घ्यावे.

सळ्यांमधले अंतर चार इंचांहून जास्त नसावे. अमेरिका आणि इंग्लंडच्या नियमांत याची परीक्षा अशी असते की चार इंच व्यासाचा गोळा रेलिंगमधून आरपार जाता कामा नये. आपल्या शेडमध्ये चार इंचाचा लाकडी ठोकळा करून ठेवावा. तो जेथून जातो तेथून तान्ह्या-रांगत्या मुलाचे अंग जाऊ शकते आणि मग डोके अडकते. तळाच्या पट्टीखालची फटही याच ठोकळ्याने तपासावी.

सळ्या उभ्या असाव्यात. आडवे पाइप दिसायला नव्या धाटणीचे दिसतात, पण मुलासाठी ती शिडी असते. मालकाचा आग्रहच असेल तर आतल्या बाजूने पॉलिकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक पत्रा स्क्रूने लावून द्यावा, म्हणजे दरीही दिसते आणि पाय ठेवायला जागा राहत नाही. जुने आडवे रेलिंगही याच उपायाने सुधारता येते, तोडावे लागत नाही.

समुद्राजवळ काम असेल तर २०२ ग्रेडचे स्टील वापरू नये. खाऱ्या हवेत ते लवकर गंजते आणि सांध्यापाशी आतून खाल्ले जाते. तेथे ३०४ वापरावे, अगदी किनाऱ्यावर ३१६ उत्तम. बेस प्लेट अँकर फास्टनरने काँक्रीटमध्ये धरलेली असावी, नुसत्या टाइल-सिमेंटमध्ये नव्हे. टॅक मारून काम पुढे ढकलू नये, पूर्ण वेल्डिंग करावे आणि बर्र ग्राइंडरने काढावा. मुलाचा हात नेमका तेथेच जातो.

गॅलरीला बांधलेल्या कबुतराच्या जाळीवर काही मालक विसंबून असतात. ती जाळी पक्षी अडवण्यासाठी असते, मुलाचा भार झेलण्यासाठी नसते. मच्छरदाणीच्या जाळीचेही तेच. हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी खाली असेल तर पट्टीत स्टॉपर लावावा, म्हणजे ती चार इंचांपेक्षा जास्त उघडत नाही. मात्र आग लागली तर मोठ्या माणसाला तो स्टॉपर चटकन काढता आला पाहिजे. न्यूयॉर्क शहरात इमारतींच्या खिडक्यांतून मुले पडण्याचे प्रमाण वाढले, तेव्हा १९७६ साली नियम झाला की जेथे दहा वर्षांपर्यंतचे मूल राहते त्या घराच्या खिडकीला घरमालकाने संरक्षक गज बसवावेत. ती जबाबदारी भाडेकरूवर न टाकता घरमालकावर टाकली गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सुतार बांधवांसाठी

लॉजमधले कपाट आणि खणांचे टेबल भिंतीला एल पट्टी, प्लग आणि स्क्रूने धरलेले असावे. मूल खण ओढते, त्यावर पाय देते, दुसरा खण ओढते आणि सगळे कपाट त्याच्या अंगावर येते. ही कल्पनेतली भीती नाही. आयकिया या जगप्रसिद्ध फर्निचर कंपनीला २०१६ साली मुलांच्या मृत्यूंनंतर अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे आणि ड्रॉवरचे संच परत बोलावण्याची घोषणा करावी लागली. कारण एकच, भिंतीला न धरलेले कपाट पुढे कलंडत होते. जगभर व्यापार करणाऱ्या कंपनीला जे दोन स्क्रू भोवले, ते आपण विसरू नयेत. टीव्हीही टेबलावर ठेवण्याऐवजी भिंतीवर ब्रॅकेटने बसवावा.

टेबलाचे आणि पलंगाचे कोपरे गोल करावेत. अडीच-तीन फूट उंचीच्या मुलाचा डोळा नेमका टेबलाच्या कोपऱ्याच्या पातळीला येतो. टीपॉयवर काच लावायचीच असेल तर टफन्ड लावावी. पलंग भिंतीपासून चार-सहा इंच सरकवून ठेवायची पद्धत आहे, ती वाईट. त्या फटीत तान्हे मूल घसरून अडकते. पलंग भिंतीला घट्ट असावा, नाहीतर दोन फूट लांब.

न्हाणीघराच्या आतल्या कडीकडे लक्ष द्यावे. खाली लावलेला टॉवर बोल्ट मूल सहज लावते, मात्र घाबरल्यावर तेच त्याला काढता येत नाही. आम्ही दार फोडताना पाहिले आहे. कडी साडेचार-पाच फुटांवर लावावी किंवा बाहेरून नाण्याने फिरणारे कुलूप बसवावे. खोलीच्या मुख्य दारालाही आतून वरच्या बाजूस एक कडी हवी, म्हणजे सर्व झोपले असताना मूल व्हरांड्यात आणि तेथून जिन्याकडे जाणार नाही.

वायरमन आणि प्लंबर बांधवांसाठी

मोबाइल चार्ज करायला म्हणून हल्ली पलंगाशेजारी, फरशीपासून फूटभरावर सॉकेट दिले जातात. ते आतून शटर असलेले हवेत. त्यात एका भोकात तार किंवा हेअरपिन घातली तर ती आत जात नाही. प्रत्येक खोलीच्या किंवा मजल्याच्या बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवावी. नुसती एमसीबी वायर वाचवते, माणसाला वाचवण्याचे काम आरसीसीबीचे. अर्थिंग नीट आहे का ते पाहावे आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहायला मालकाला शिकवावे.

खोलीत चहाची इलेक्ट्रिक किटली ठेवण्याची पद्धत आता लहान लॉजमध्येही आली आहे. तिची वायर टेबलावरून खाली लोंबत असेल तर मूल ती ओढणारच. सॉकेट टेबलाच्या मागे आणि उंचावर द्यावे. गरम पाण्यासाठी बादलीत सोडायचा हीटर खोलीत देणे तर सरळ बंद करावे. त्यात भाजणे आणि शॉक, दोन्ही संकटे एकाच बादलीत आहेत.

गिझरचे पाणी किती गरम असावे? ६० अंश सेल्सिअसचे पाणी मोठ्या माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. मुलाची कातडी पातळ, तिला तेवढाही वेळ लागत नाही. ४९ अंशांच्या आसपासचे पाणी अंघोळीला पुरेसे कढत लागते आणि भाजायला त्याला मिनिटे लागतात. सोलरच्या टाकीत कडक उन्हात पाणी फार तापते, म्हणून तेथे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून नळाला येणारे पाणी कोमट करावे. निदान गरम पाण्याच्या नळाला ठळक लाल खूण असावी आणि तो मुलाच्या हाताला सहज लागणार नाही एवढ्या उंचीवर असावा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हे न्हाणीघराच्या भिंतीवर रंगवून लिहायला काही खर्च येत नाही.

मालक आणि व्यवस्थापकांसाठी

बेसिनमध्ये आणि मुतारीत डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. पांढरीशुभ्र, गोल, वाटीतल्या पेपरमिंटसारखी ती गोळी मुलाच्या तोंडात गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. काही मुलांमध्ये जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते, त्यांना तर एकच गोळी घातक ठरू शकते. या गोळ्या खोल्यांतून आजच काढाव्यात. फिनाइल आणि अ‍ॅसिड थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून न्हाणीघरात ठेवले जाते, हेही थांबवावे. मूल बाटली ओळखते, आतला माल ओळखत नाही. उंदराचे औषध खोलीत नसावे. डासांच्या औषधाची बाटली लावायचे सॉकेट उंचावर असावे.

रिमोटचे मागचे झाकण तुटलेले असेल तर नवे आणावे, निदान चिकटपट्टी लावावी. शोभेच्या दिव्यांच्या छोट्या रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजते. पडद्याच्या आणि ब्लाइंडच्या लोंबत्या दोऱ्यांची गाठ वर भिंतीवरच्या खुंटीला बांधावी, कारण खेळता खेळता फास बसतो. गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवायच्याच असतील तर हलक्या नकोत. मूल खुर्ची कठड्याशी ओढून नेते आणि तुमचा साडेतीन फुटांचा कठडा दीड फुटांचा होतो. लहान मुले असलेल्या कुटुंबाला शक्यतो तळमजल्याची किंवा गॅलरी नसलेली खोली द्यावी. ज्यांच्याकडे पोहण्याचा तलाव आहे त्यांनी चहूबाजूंनी कुंपण घालून आपोआप बंद होणारे दार बसवावे आणि रात्री कुलूप लावावे. मूल बुडायला तलावही लागत नाही, बादलीतले दोन इंच पाणी पुरते. म्हणून रात्री बादल्या उपड्या ठेवायला नोकरांना सांगावे.

खर्चाचा प्रश्न

आता कोणी म्हणेल, मोठ्या हॉटेलांना हे परवडते, आम्ही सीझनवर जगणारी माणसे. आम्ही या दृष्टीनेही विचार केला. वर दिलेल्या कामांपैकी रेलिंग आणि तलावाचे कुंपण वगळले तर बाकीचे एल पट्ट्या, स्क्रू, स्टॉपर, कड्या, सॉकेट आणि चिकटपट्टी एवढेच आहे. त्यातले बरेचसे काम रंगरंगोटीच्या वेळी सहज उरकते. डांबराच्या गोळ्या काढायला तर उलट पैसे वाचतात. आणि नव्या रेलिंगमध्ये उभ्या सळ्या लावा की आडवे पाइप, दोन्हीत मजुरी आणि माल लागतोच. थोडा फरक पडला तर तो सांगून घ्यावा, लपवू नये.

यात धंदाही आहे. प्रत्येक लॉजच्या पाटीवर "फॅमिली रूम" असे लिहिलेले असते आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एक जादा गादी एवढाच असतो. जो मालक गिऱ्हाइकाला सांगू शकेल की या खोलीत तुमचे मूल बिनधास्त सोडा, कठडा पाहा, सॉकेट पाहा, कपाट हलवून पाहा, त्याच्याकडे तेच कुटुंब पुढच्या वर्षी मेहुण्यांना घेऊन येईल. जो फॅब्रिकेटर, सुतार, वायरमन आणि प्लंबर मिळून चार दिवसांत अशा दहा खोल्या सुधारून देऊ शकतील, त्यांना सीझनच्या आधीच्या दोन महिन्यांत कामाची वाण पडणार नाही. आपले कारागीर एकेकटे काम करतात आणि एकमेकांचे भाव पाडतात. त्यापेक्षा असे एकत्र कोटेशन देऊन पाहावे.

"मालक सांगेल तसे करावे लागते" हे कारागिराचे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. पोटाचा प्रश्न आहे आणि आपण नाही म्हटले तर दुसरा करतो. तरीही दोन गोष्टी प्रत्येकाच्या हातात आहेत. एक म्हणजे तोंडाने सांगणे. बहुतेक मालकांना धोका माहीतच नसतो, वाईट हेतू कोणाचा नसतो. दुसरी म्हणजे कोटेशनवर एक ओळ लिहिणे, की आडव्या पाइपचे रेलिंग लहान मुलांसाठी धोक्याचे आहे, आतून पत्रा लावण्याचा खर्च इतका. ती ओळ वाचून दहापैकी चार मालकांनी मत बदलले तरी कमाई मोठी. नाही बदलले तरी आपण अमानत पोहोचवली. हलाल रोजी म्हणजे नुसते माप आणि मालात खोट नसणे नव्हे. जे आपल्या हातच्या कामाचा भरवसा धरतील, त्यात ज्यांना बोलता येत नाही ती तान्ही मुलेही आली.

आईबापांनी काय करावे

लॉजमालकाचे म्हणणे अर्धे खरे होते, हेही कबूल केले पाहिजे. पोरांकडे आईबापांनी पाहायलाच हवे. म्हणून व्यापारी बांधवांना विनंती की खोली ठरवताना फोनवरच विचारावे, गॅलरी आहे का, कठडा किती उंच, सळ्या उभ्या की आडव्या. दोन-चार गिऱ्हाइकांनी विचारले की मालक आपोआप जागा होतो.

खोलीत शिरल्यावर एकाने मुलाला कडेवर घ्यावे आणि दुसऱ्याने दहा मिनिटे खोली तपासावी. सामान उघडणे, चहा, फोन, सगळे त्यानंतर. गॅलरीचे दार लावून वरची कडी घालावी आणि खुर्च्या आत घ्याव्यात. मग मुलाच्या उंचीला, गुडघ्यावर बसून खोली पाहावी. उभ्याने जे दिसत नाही ते बसल्यावर दिसते. पलंगाखालची गोळी, मोडका सॉकेट, टेबलाची धार, लोंबती दोरी, सगळे नजरेस पडते. किटली उचलून कपाटावर ठेवावी. कपाट हलवून पाहावे, हलत असेल तर मुलाला त्या बाजूला जाऊ देऊ नये. गरम पाण्याचा नळ सोडून कोपराने अंदाज घ्यावा. तान्हे मूल असेल तर पलंगाच्या कडेला उशांची भिंत रचून भागत नाही, उशी मुलाच्या तोंडावर येऊ शकते. गादी खाली जमिनीवर घ्यावी. पिशवीत चिकटपट्टीचे एक रिळ, थोडी सुतळी आणि कापडाच्या चिंध्या ठेवल्या तर कोपरे गुंडाळण्यापासून दोऱ्या बांधण्यापर्यंत निम्मी कामे तेथल्या तेथे होतात.

तरीही काही घडलेच, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई किंवा तूप लावू नये. मुलाने काही विषारी पोटात घेतले तर ओकारी काढण्याचा खटाटोप न करता बाटली किंवा गोळी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी सकाळची वाट पाहू नये. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे, तो मोबाइलमध्ये असावा.

त्या फॅब्रिकेटर बांधवाचा मध्यंतरी फोन आला होता. लॉजमालकाशी बोलून त्याने त्या मजल्यावरच्या गॅलऱ्यांना आतून पत्रे लावून दिले. मालकाने मालाचे पैसे दिले, याने मजुरी सोडली. आता तो कोटेशनवर ती एक ओळ लिहितो. म्हणाला, "चाचा, त्या दिवशी तुम्ही शेडवरून गेलात आणि रात्रभर मला माझीच पोरगी त्या पाइपावर चढताना दिसत होती."

आमचे सांगणे एवढेच आहे की हे दृश्य प्रत्येक कारागिराने माप घेतानाच एकदा डोळ्यांसमोर आणावे. खोली परक्याची असली आणि मूल मुसाफिराचे असले, तरी काम आपल्या हातचे आहे. पुढच्या सुट्टीत त्या खोलीत आपलेच कोणी उतरेल, हेही विसरू नये.